तो अंगठा ‘झालं’ नव्हता, ‘बघितलं’ होता

पत्र:

ताई नमस्कार,

मी डोंबिवलीची. शिपिंगच्या एका कंपनीत डॉक्युमेंटेशनला आहे, मे महिन्यात टीम लीड झाले. ऑफिस असं नाहीच, सगळे घरून. आम्ही नऊ जण, मी धरून मुंबईचे तिघं, एक नागपूरची, एक सांगलीचा मुलगा (त्याला संदीप म्हणूया, खरं नाव नाही), दोघी मनिलाच्या आणि दोघं हॅम्बुर्गचे. दिवाळीपर्यंत मस्त चाललं होतं, दिवाळीनंतर जे सगळे ढिले पडलेत ते अजून ताळ्यावर नाहीत. मेसेजला उत्तर नाही, कॉलवर शांतता.

नोव्हेंबरात तर मोठाच घोळ झाला. एका कंटेनरचं वजन शिपरने (माल पाठवणाऱ्याने) दुरुस्त करून पाठवलं, हॅम्बुर्गहून नेहमीसारखा त्यांच्या साडेअकराला संदीपला फोन आला, त्याने मनिलाच्या मुलीला मेसेज टाकला, तिने अंगठ्याचा इमोजी दिला, आणि तरी दुसऱ्या दिवशी जुन्याच वजनाने कागद गेले. कंटेनर हॅम्बुर्गच्या बंदरातच राहिला, पुढच्या आठवड्याच्या जहाजाने गेला, कस्टमरने आकाशपाताळ एक केलं. मी रागात ग्रुपवर लिहिलं, ‘संदीप, एक फॉलो-अप करणं इतकं कठीण आहे का?’ तेव्हापासून तो कॅमेरा लावत नाही, विचारलं तेवढंच बोलतो. आम्ही मुंबईचे तिघं शनिवारी दादरला भेटतो, नवीन शीटचा फॉरमॅट तिथेच ठरवला, तोही कोणी नीट भरत नाही. हॅम्बुर्गचा साहेब एका ओळीचे मेल टाकतो, वाचून पोटात गोळा येतो.

आता मी ठरवतेय की दिवसभर कॅमेरा कम्पल्सरी करायचा, आणि कीबोर्ड-माउस मोजणारं सॉफ्टवेअर मिळतं ते घ्यायचं. त्यात घर वन बीएचके, सासूबाईंना वाटतं मी घरीच आहे म्हणजे मोकळीच आहे. काय करू?

– अ., डोंबिवली

उत्तर:

अगं अ.,

तुझं पत्र मी तीन वेळा वाचलं आणि दुसऱ्या वाचनातच कागद पेन घेऊन घड्याळाचा हिशोब मांडून बसले, कारण ‘दिवाळीपर्यंत मस्त’ आणि ‘नेहमीसारखा साडेअकराला’ हे दोन शब्द एकत्र आले की मला शंका येते. ये, तो हिशोब आधी तुला दाखवते, बाकीचं मग बोलू.

मनिला आपल्यापेक्षा अडीच तास पुढे, बारा महिने तेवढंच, ते घड्याळ बदलत नाहीत, आपणही नाही. हॅम्बुर्ग मात्र बदलतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत ते आपल्या साडेतीन तास मागे असतात आणि उरलेले पाच महिने साडेचार तास. आता उन्हाळ्यात बघ, त्यांचे साडेअकरा म्हणजे आपले दुपारचे तीन, आणि मनिलाचे संध्याकाळचे साडेपाच, म्हणजे मनिलाची मुलगी सहाला कामावरून उठणार असेल तर अजून जागेवर आहे, अर्धा तास हातात आहे, वजन बदलून टाकते आणि काम बंद करते. हिवाळ्यात तेच साडेअकरा म्हणजे आपले चार आणि मनिलाचे साडेसहा. ती काम बंद करून उठलेली.

कळतंय का काय झालं ते? हॅम्बुर्गच्या माणसाने काही बदललं नाही, तो बिचारा रोजच्याच वेळेला फोन करतोय. संदीपने काही बदललं नाही, तो रोजच्यासारखाच लगेच मेसेज टाकतोय. ऑक्टोबरच्या त्या एका रविवारी तिघांच्या मधला जो सांधा होता तो एक तासाने सरकला आणि कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आपल्याकडे भिंतीवरचं घड्याळ जसंच्या तसं होतं, आणि वर दिवाळीही त्याच आसपास आली म्हणून तुला वाटलं की फराळ खाऊन सगळे सुस्तावले.

पुढचा हिशोब कर. मनिला सहाला उठते म्हणजे आपले साडेतीन. हॅम्बुर्ग नऊला बसतं म्हणजे उन्हाळ्यात आपले साडेबारा, हिवाळ्यात दीड. म्हणजे तिन्ही ठिकाणची माणसं एकाच वेळी जागेवर असण्याचा काळ उन्हाळ्यात तीन तास आणि हिवाळ्यात फक्त दोन, दीड ते साडेतीन, आणि तेही नेमके आपले जेवणाचे. तुमच्या टीमचा एक तृतीयांश सामाईक वेळ गेला आणि तुम्ही जुन्याच टाइमटेबलवर गाड्या सोडताय. लोकल दहा मिनिटं सरकली तर डोंबिवलीचा अख्खा प्लॅटफॉर्म बोंब मारतो, इथे तास सरकला आणि कोणी ब्र काढला नाही, कारण प्रत्येकाला फक्त स्वतःचाच प्लॅटफॉर्म दिसतोय.

(मुंबईला हे नवीन नाही खरं तर. १९०६ मध्ये देशाची प्रमाण वेळ आली तरी आपल्या शहराने स्वतःचा बॉम्बे टाइम सोडला नव्हता, ३९ मिनिटं मागे, आणि तो कुठे कुठे १९५५ पर्यंत चालला. माझे आजोबा सांगायचे की कोणाला भेटायचं ठरलं तर आधी विचारायचं, कुठला टाइम? मला तो प्रश्न फार आवडतो. तुमच्या टीममध्ये तो रोज विचारायला हवा.)

आता त्या अंगठ्याकडे ये. पत्रात तू ते अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलीस, पण माझ्या मते सगळं तिथेच आहे. मनिलाची मुलगी सहाला काम बंद करून उठली, साडेसहाला मोबाईलवर संदीपचा मेसेज आला, तिने अंगठा दिला, म्हणजे काय तर हो दिसलं, उद्या बघते. सांगलीत संदीपने तो अंगठा पाहिला आणि त्याला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी सकाळी मनिलाच्या दुसऱ्या मुलीने शीट उघडली, तिला ना फोन माहीत ना मेसेज, तो तर त्या दोघांच्याच खासगी चॅटमध्ये, तिने शीटवर होतं ते वजन भरलं आणि कागद पाठवून दिले. मी हे अंदाजाने जोडतेय, तू विचारून खात्री करून घे, पण तुझ्या पत्रातल्या तुकड्यांतून दुसरं काही बनत नाही. यात आळशी कोण सांग बघू. तिघांनीही आपापलं काम केलं. फक्त अंगठ्याचा अर्थ कोणी कधी ठरवलेला नव्हता.

बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर मागे, ड्रायव्हर पुढे, मध्ये सत्तर माणसं. ड्रायव्हर मागे वळून बघत नाही आणि कंडक्टर पुढे जाऊन सांगत नाही, एक घंटी म्हणजे थांब, डबल बेल म्हणजे चल. नवीन ड्रायव्हर, नवीन कंडक्टर, पहिल्याच दिवशी एकत्र ड्युटीला लागले तरी चालतं, कारण घंटीचा अर्थ त्यांच्या दोस्तीवर अवलंबून नाहीये. तुमच्या ग्रुपला अशी घंटी द्या. अंगठा म्हणजे फक्त ‘वाचलं’. काम झालं की ‘झालं’ असा शब्द लिहायचा आणि कुठे झालं ते, म्हणजे शीटची ओळ कुठली ते. जमणार नसेल तर ‘माझ्याकडून आज नाही’ हेसुद्धा मोकळेपणाने लिहायचं आणि ते लिहिलं म्हणून कोणी ओरडायचं नाही, हे शेवटचं तू पाळायचंस, बाकीचे पाळतील.

मी स्वतः १९९० च्या सुमारास बॅलार्ड इस्टेटला एका शिपिंग एजंटकडे नोकरीला लागले तेव्हा टेलेक्स होता. खोलीभर आवाज करणारं, लाइनवरून टाइप केलेला मजकूर पाठवणारं मशीन, आधी कागदाच्या पट्टीवर भोकं पाडून मजकूर तयार ठेवायचा कारण लाइन लागली की मिनिटाचे पैसे, मग नंबर फिरवायचा, पलीकडच्या मशीनचा आन्सरबॅक (त्याची ओळख सांगणारा कोड) उमटला म्हणजे योग्य ठिकाणी लागलाय, मग पट्टी सोडायची, आणि शेवटी परत आन्सरबॅक घ्यायचा म्हणजे मधेच लाइन तुटली नाही ना ते कळायचं. प्रत्येक टेलेक्सला नंबर. सकाळी पलीकडून पहिली ओळ यायची, तुमचा १४ मिळाला, नोंद घेतली. आणि १४ नंतर एकदम १६ आला की आमचे हेडक्लार्क खुर्चीतून उठायचे, पंधरा कुठे गेला? तो सापडेपर्यंत चहा नाही. सांगायचं काय तर त्या लोकांना एकमेकांचे चेहरे आयुष्यात दिसले नाहीत, रॉटरडॅमचा माणूस काळा की गोरा आम्हाला माहीत नाही, आणि तरी कागद चुकत नव्हते. कॅमेऱ्याने नाही, त्या नंबरने ते काम जमायचं. आज तुमच्याकडे टेलेक्सच्या हजारपट चांगली साधनं आहेत, एकच शीट नऊ जण एकाच वेळी उघडू शकता, कोणी कधी काय बदललं याचा सगळा इतिहास त्यात साठतो, आणि असं असताना कंटेनरचं वजन फोनवरून खासगी चॅटमध्ये आणि तिथून कुणाच्या डोक्यात, असा प्रवास करतंय. हे मला बघवत नाही गं.

म्हणून पहिला नियम असा कर, फोनवर कितीही बोला पण बदल हा शीटवर लिहिल्याशिवाय झालेला नाही. हॅम्बुर्गचा माणूस फोन करेल, करू दे, पण फोन चालू असतानाच संदीपने ओळ लिहायची आणि हॅम्बुर्गने ती स्क्रीनवर वाचून हो म्हणायचं. ओळ कशी, तर अशी: अमुक बुकिंग, व्हीजीएम (म्हणजे भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) जुनं २१,४०० किलो, नवं २२,१५० किलो, मनिलाच्या सकाळच्या शिफ्टने कागद पाठवायच्या आधी बदलायचं, जी घेईल तिने नाव लिहायचं, मनिलाच्या दहापर्यंत नाव नसेल तर अ. ला फोन. जुना आकडा लिहायचाच, नुसता नवा लिहिला तर वाचणाऱ्याला कळत नाही की हे आधीचंच आहे की बदललंय. आणि व्यक्तीचं नाव न लिहिता शिफ्टचं नाव लिही, व्यक्ती सुट्टीवर जाते, तिच्या पोराला ताप येतो, शिफ्ट सुट्टीवर जात नाही. व्हीजीएमचं तुला मी काय सांगणार, २०१६ च्या जुलैपासून ते कळवल्याशिवाय कंटेनर जहाजावर चढतच नाही, म्हणजे हा तुमच्या कामातला सगळ्यात नाजूक आकडा, आणि तोच तुम्ही सगळ्यात कच्च्या दोरीने बांधलाय.

मनिलाच्या दहाला आपले साडेसात वाजलेले असतात हे लक्षात ठेव, म्हणजे तो फोन तुला डबे भरताना येईल. रोज येणार नाही, पण येईल तेव्हा उचल.

आता संदीप. इथे मी जरा कडक बोलणार आहे, मनावर घेऊ नकोस, किंवा घे.

तू नऊ जणांसमोर त्याला ते वाक्य लिहिलंस. ऑफिसात असं कोणी बोललं असतं तर संध्याकाळी गाडीत शेजारी बसून सॉरी यार म्हणून मिटलं असतं, कोणीतरी चहा आणला असता, बाजूच्या टेबलावरच्याने डोळा मारून जाऊ दे म्हटलं असतं. सांगलीच्या खोलीत बसलेल्या मुलाला यातलं काहीच मिळत नाही, त्याला फक्त ते वाक्य मिळतं, आणि ते पुसलं जात नाही, वर स्क्रोल केलं की आहे तिथेच आहे. तुला वाटतंय तो फुगलाय. मला वाटतं तो घाबरलाय, किंवा दुखावलाय, किंवा या दोन्हीपैकी काहीच नाही आणि त्याच्याकडे लाइट जातेय. मला माहीत नाही, तुलाही माहीत नाही, आणि माझं म्हणणं नेमकं हेच आहे की लांबच्या माणसाच्या गप्प बसण्याला स्वतःचा असा काही अर्थ नसतो, अर्थ आपण भरतो आणि भरताना नेहमी वाईटच भरतो.

२००१ मध्ये कॅथरिन क्रॅम्टन नावाच्या एका प्राध्यापिकेने वेगवेगळ्या ठिकाणी बसून एकत्र प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांच्या टीमांचा अभ्यास मांडला होता. त्यांचे मेल वाचून तिला दिसलं की माहिती सगळ्यांपर्यंत सारखी पोचतच नाही, एखाद्याला मेल मिळालेलाच नसतो, आणि पलीकडचे मात्र समजतात की हा कामचुकार आहे. गप्प राहण्याचा अर्थ कधी ‘मान्य आहे’ असायचा, कधी ‘अजिबात मान्य नाही’, कधी ‘गावाला गेलोय’. परिस्थितीचा दोष माणसाच्या माथी. २०१४ मध्ये जर्मनीत फोनकॉलवर असाच प्रयोग झाला, लाइनमध्ये मुद्दाम उशीर घातला तर ऐकणाऱ्यांना वाटलं की पलीकडचा माणूसच लक्ष देत नाहीये, मनमोकळा नाहीये. समोरासमोर बोलताना एकाचं संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो, इतकं ते घट्ट असतं. त्यात मनिला-सांगली-हॅम्बुर्ग अशी लाइन, आवाज थोडा जरी उशिरा पोचला तरी दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, मग ‘नाही नाही, यू गो अहेड’, आणि दोन-चारदा असं झालं की माणूस म्हणतो जाऊ दे, बोलतच नाही. तुझ्या कॉलवरची शांतता मला तरी बरीचशी हीच वाटते. नाव घेऊन विचार, ‘नागपूर, तुझं काय?’ असं, आणि पाच आकडे मोजेपर्यंत थांब. पाच आकडे खूप मोठे वाटतात, तरी थांब.

माझी स्वतःची एक गोष्ट सांगते. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये आम्ही सगळे एका रात्रीत घरी बसलो, माझ्या हाताखाली बदलापूरची एक मुलगी होती, गोड, बडबडी. घरून काम सुरू झालं आणि ती एकदम ‘हो’, ‘नाही’, ‘पाठवते’ यावर आली. मी दोन महिने मनात धरून बसले की हिला माझं काही लागलंय, मीही मग तसेच उत्तर द्यायला लागले, हो, नाही, पाठव. एक दिवस कशावरून तरी फोन केला तर मागे प्रेशर कुकरची शिट्टी, कुणाचं तरी पोर, आणि पायऱ्यांवरून चपलांचा आवाज. म्हटलं कुठे आहेस गं? तर म्हणे जिन्यात. घरात रेंज येत नव्हती, चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधल्या वळणावर यायची, ती तिथे खिडकीपाशी उभी राहून मोबाईलवर एका हाताने टाइप करत होती, दुसऱ्या हातात कागद. उभ्याने एका हाताने कोण लांबलचक लिहिणार? दोन महिने मी त्या जिन्याला राग समजत होते. मला अजून त्याची लाज वाटते.

म्हणून संदीपला फोन कर. मेसेज नको, व्हिडिओ नको, साधा फोन. माफी माग, ‘पण’ न जोडता. घड्याळाचा हिशोब त्याला सांग, त्याचा जीव हलका होईल. मग विचार की तू काम करतोस ती जागा कशी आहे, आणि गप्प बसून ऐक. आणि हे सगळं झालं की ग्रुपवरही लिही, कारण आरोप ग्रुपवर केलास तर तो मागेही ग्रुपवरच घ्यायला हवा, खासगीत मागितलेली माफी बाकीच्या सात जणांना दिसत नाही आणि ते सातही जण तेव्हापासून जपूनच बोलत असणार, पैज लाव. दोनच ओळी लिही, ‘नोव्हेंबरच्या कंटेनरमध्ये चूक संदीपची नव्हती. हॅम्बुर्गचं घड्याळ बदललं ते मी लीड म्हणून बघायला हवं होतं, माझं राहिलं.’ हे लिहिल्याने तुझा वचक जाईल असं वाटत असेल तर, अगं, उलट होतं, लोक आपल्या चुका लवकर सांगायला लागतात आणि चूक चार तास आधी कळली की कंटेनर चढतो.

कॅमेरा कम्पल्सरी करू नकोस. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने माणूस का थकतो याची कारणं मांडली: सगळे चेहरे सतत अगदी जवळून आपल्याकडे बघत असतात, स्वतःचंच तोंड दिवसभर दिसत राहतं, एका जागी जखडून बसावं लागतं, आणि मान डोलावण्यासारख्या गोष्टी मुद्दाम कराव्या लागतात. आपल्याकडे यात अजून भर आहे, मागे वाळत घातलेले कपडे, आंघोळीला निघालेले सासरे, छोट्या घराची लाज. शिवाय आवाजाला अगदी थोडं इंटरनेट पुरतं, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागतं, गावाकडच्या कनेक्शनवर कॅमेरा लावला की पहिला बळी आवाजाचाच जातो. चेहऱ्यांपेक्षा कामाची स्क्रीन शेअर करा, शीट सगळ्यांसमोर उघडी ठेवा आणि त्यावर बोला. कॅमेरा ज्याला लावायचा त्याने लावावा, सोमवारची पहिली पाच मिनिटं हाय-हॅलोला लावूया असं हवं तर म्हण.

आणि ते कीबोर्ड मोजायचं सॉफ्टवेअर तर अजिबात नको. एकच प्रश्न स्वतःला विचार, नोव्हेंबरात ते असतं तर काय दिसलं असतं? संदीप जागेवर, भराभर टाइप करतोय, मेसेज पाठवतोय. शंभर टक्के ॲक्टिव्ह. आणि कंटेनर तिकडे बंदरातच. ते यंत्र बोटं मोजेल, सांधा कुठे निखळलाय ते त्याला कधीच दिसणार नाही, वर नऊ माणसांना कळेल की लीडचा आपल्यावर विश्वास नाही. माझ्या ओळखीत एका ठिकाणी ते बसवलं होतं, चांगली दोन माणसं सहा महिन्यांत सोडून गेली.

शनिवारच्या दादरच्या भेटीबद्दल तू अगदी सहज लिहिलंयस, तुला त्यात काही वाटलंही नाही, पण मी तिथे थांबले. तिघं भेटता, भेटा, छान आहे, पण तिथे फॉरमॅट ठरवलात ना? मग सांगलीने, नागपूरने, मनिलाने तो का मनापासून भरावा, तो त्यांना वरून आला. का ठरला, कुठला रकाना कशासाठी, यावर डोसा खाताना तुम्ही तासभर बोललात, त्यातलं एक अक्षर त्यांच्यापर्यंत गेलेलं नाही, त्यांना फक्त रिकामे चौकोन मिळाले. लांबच्या टीममध्ये हे फार होतं, जे जवळ आहेत त्यांचा एक गट आपोआप बनतो आणि बाकीचे पाहुणे होतात. चहावर काहीही बोला, पण ठरवायचं मात्र दीड ते साडेतीनच्या मध्ये, सगळे असताना. हा फॉरमॅटसुद्धा परत उघड, मनिलाच्या मुलींना विचार की यातलं काय तुम्हाला नडतंय. त्या रोज कागद पाठवतात, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असणार.

साहेबांच्या एका ओळीच्या मेलचं फार मनाला लावून घेऊ नकोस. ‘प्लीज एक्सप्लेन’ म्हणजे त्याला खरंच समजावून हवं असेल, एवढंच धरून उत्तर दे. पण आपल्याकडूनही एक गोष्ट जाते ती बघ. आपण मराठीत ‘बघते’ म्हणतो ना, त्यात सगळं असतं, करते, जमलं तर करते, विसरेन बहुतेक, नाही करणार पण तोंडावर कसं सांगू. आपल्याला आपापसात सुरावरून कळतं. तेच आपण इंग्रजीत ‘आय विल चेक’ करून पाठवतो आणि हॅम्बुर्गचा माणूस ते वचन समजून बसतो, संध्याकाळी वाट बघतो, आणि मग त्याची एक ओळ येते. त्याच्याशी बोलताना ‘बघते’ बंद कर. कधीपर्यंत ते लिही, आणि वेळ लिहिताना कुठली ते लिही, ‘भारत चार, हॅम्बुर्ग साडेअकरा’ असं दोन्ही. आणि त्याला स्पष्ट विचारून टाक की हिवाळ्यात तुमचा तो साडेअकराचा फोन दहाला करता येईल का, शिपरकडून दुरुस्त्या आदल्या संध्याकाळी मिळतील का. दहा म्हणजे आपले अडीच, मनिलाचे पाच, तासभर उरतो. कदाचित तो म्हणेल नाही जमत, शिपरच उशिरा पाठवतो, मग मनिलातल्या दोघींपैकी एकीने हिवाळ्यात तासभर उशिरा बसून उशिरा उठायचं का, हे त्या दोघींना विचार, सांगू नकोस, विचार, आणि दर महिन्याला पाळी बदल. नेहमी एकाच देशाने झोप मोडायची असं नको. उन्हाळ्यात तुम्ही काहीतरी सोसा.

घरचं राहिलं. वन बीएचकेत सासू-सासऱ्यांसोबत राहून टीम चालवणं काय असतं ते मला माहितीये. सासूबाईंना ‘माझं काम चालू असतं’ असं म्हणून काही उपयोग नाही, त्यांना तू दिवसभर लॅपटॉपसमोर दिसतेस, त्यातलं कुठलं काम अडतं आणि कुठलं थांबू शकतं हे त्यांना कसं कळणार? दिवसभराचं मागूच नकोस. दीड ते साडेतीन एवढेच दोन तास माग, ठाम माग, त्या वेळात बेल वाजली, गॅसवाला आला, कुरिअर आलं तर त्या बघतील, आणि जेवणं एकच्या आत उरकूया. बदल्यात साडेतीननंतरचा अर्धा तास त्यांना दे, लॅपटॉप बंद करून, चहा तू कर. माणसं अख्खा दिवस सोडायला तयार होत नाहीत, दोन तास सोडतात. आणि त्यांना एकदा सांग की त्या दोन तासांत नक्की काय होतं, बंदर, जहाज, वजन, मनिला, सांगली, सगळं. कुतूहल असतं गं त्यांना, आपणच सांगत नाही.

संदीपला फोन सोमवारच्या आधी कर. आणि घरात कालनिर्णय लावलेलं असेलच, दुधाचा हिशोब त्याच्यावरच लिहीत असाल, तर त्यावर मार्चच्या शेवटच्या रविवारी लाल पेनाने लिहून ठेव, ‘हॅम्बुर्ग साडेतीन’. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ‘हॅम्बुर्ग साडेचार’. सासूबाईंना दाखवून लिही, त्यांच्याकडे मागितलेले तुझे तास मार्चच्या त्या रविवारपासून साडेबाराला सुरू होतात ना.

– तुझी ताई